दुधाच्या पिशव्यांचं छप्पर

वनमाला रामटेके डोळे मिटून प्लास्टिक ओळखायची. ही विद्या ती फारशी कुणाला सांगत नसे, कारण सांगितलं की लोक लगेच परीक्षा घ्यायला बसतात. तुकडा कानाशी धरायचा आणि अंगठ्याने चोळायचा, एवढंच. वेफर्सचा पुडा कचकच करतो. पाण्याची बाटली कडकडते. दुधाची पिशवी मात्र चोळली तरी जेमतेम कुजबुजते. चंद्रपूरच्या वेशीबाहेरच्या कचरा-तळावर तिने या आवाजांवर बावीस वर्षं काढली होती, आणि तिने निवडलेल्या ढिगात भेसळ निघाली असं अजून कुणी म्हटलं नव्हतं.

साल होतं दोन हजार एकेचाळीस. मार्च सरत आला होता आणि पारा सेहेचाळिसावर गेला होता. त्याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. बोलणं व्हायचं ते मनगटावरच्या पट्ट्याचं.

उघड्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला सरकारने तापपट्टा बांधला होता. हवेची उष्णता, हवेतला ओलावा आणि कातडीचा ताप अशी तीन मापं तो घेई. माणूस घाम वाळवून स्वतःला थंड ठेवतो. बाहेरून शिरणारी उष्णता घामाला आवरेनाशी झाली की धडधाकट माणूससुद्धा दोन-तीन तासांत आतून शिजतो. ते होऊ नये म्हणून पट्टा. हिरवा आहे तोवर काम करा, पिवळा झाला की बेतानं, आणि लाल झाला की पाच मिनिटांत मान्य निवाऱ्याखाली. लाल पट्टा घेऊन कुणी बाहेर राहिलं तर पट्टा आपणहून चुगली करी, आणि त्या माणसाचं कामाचं कार्ड पाऊस पडेपर्यंत बंद होई. कायद्याने माणसं वाचत होती, यात शंकाच नाही. पण जिथे मान्य निवारा नाही तिथे उन्हाळाभर कामही नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं होतं.

तळावर निवारा नव्हता. कारखान्यात तयार झालेली दोन थंड छप्परं शहराला मिळाली होती, ती बसस्टँडवर आणि दवाखान्यापुढे लागली. पंधरा एप्रिलपर्यंत काही सोय झाली नाही तर तळ बंद होणार होता. आजूबाजूच्या दोन गावांत असेच तळ उन्हाळ्यापुरते म्हणून बंद झाले, आणि उघडले तेव्हा आत निवडणीचं यंत्र बसलेलं होतं. बायकांना परत कुणी बोलावलं नाही. इथे अकराजणी होत्या.

"आपणच बांधू," वनमाला म्हणाली.

"कायचं?" दुर्पताबाईंनी विचारलं. दुर्पताबाई सगळ्यांत वडील. हुकूम सोडण्यात पुढे आणि जीव लावण्यातही पुढे.

वनमालाने समोरच्या कचऱ्याच्या डोंगराकडे हात केला. "याचं."

सगळ्याजणी हसल्या. मग हसू थांबलं, कारण वनमाला हसत नव्हती.

तिला निवारा का हवा होता, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी, पट्टे यायच्या आधी, तिचा नवरा तुळशीराम रस्त्याच्या कामावर होता. ती त्याचा डबा घेऊन गेली तर तो दगडावर बसून असंबद्ध बडबडत होता. अंग तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. जवळ झाड नव्हतं. चार बांबूंवर बांधलेली एक निळी ताडपत्री होती. तिने दोघांच्या मदतीने त्याला ओढत त्या सावलीत नेलं, पदराने वारा घातला आणि दवाखान्याच्या गाडीची वाट पाहिली. गाडी चाळीस मिनिटांनी आली. तुळशीराम तेवढा थांबला नाही.

मुलगी पंचशीला नागपूरच्या वसतिगृहातून धावत आली. भौतिकशास्त्र शिकत होती. तिसऱ्या दिवशी रडून रडून घसा बसलेला असताना ती आईला म्हणाली, "ताडपत्रीखाली काहून ठेवलं बाबाले? थे तं भट्टी असते, आई. वरून तापते अन् खाली फेकते. उघड्या वाऱ्यात ठेवलं असतं तरी..." बोललेलं परत घेता आलं नाही. त्यानंतर दोघी फोनवर जेवणखाणाचं बोलत, हवापाण्याचं बोलत. त्या दुपारचं नाव काढत नसत. पंचशीला शिक्षण संपवून उष्मा निरीक्षक झाली, तेही आईने शेजारणीकडून ऐकलं.

पहिला निवारा त्यांनी चार दिवसांत उभा केला आणि पाचव्या दिवशी त्याला नावं ठेवली. महाविद्यालयातल्या लोकांनी असल्या छपराची कृती सगळ्यांसाठी खुली करून ठेवली होती. तळावरच्या मुकादमाने ती मोबाइलवर वाचून दाखवली, पण घाईत. दुर्पताबाईंनी वरचं झाकण म्हणून बाटल्या उभ्या कापून त्यांचे काचेसारखे लख्ख तुकडे जोडले. दिसायला झकास. आत बसलं की इडलीच्या भांड्यात बसल्यासारखं वाटे.

त्या संध्याकाळी वनमालाने लेकीला फोन केला.

"पंचे, बसस्टँडवरचं थे छप्पर आहे न. वीज नाई, पाणी नाई. मंग थंड कसं होते वं?"

"काहून विचारून राहिली?"

"असंच."

पंचशीलाने सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज हळूहळू मोकळा झाला. प्रत्येक वस्तू आपली उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी बाहेर टाकत असते. हवा त्यातले बरेचसे किरण गिळते आणि परत खाली फेकते. पण काही ठरावीक लांबीच्या लहरी हवेला गिळता येत नाहीत. तेवढ्यापुरती आभाळाला खिडकीच आहे म्हण. त्या खिडकीतून निघालेली उष्णता थेट अंतराळात जाते, आणि तिकडे तर भयंकर थंडी. हिवाळ्यात पहाटे गवत हवेपेक्षा गार पडून त्याच्यावर दव साचतं, ते यामुळेच. भर दुपारी हे साधायचं तर छपराने ऊन परतवलं पाहिजे आणि आपली उष्णता नेमकी त्या खिडकीतून सोडली पाहिजे. इतकी वर्षं त्याला महागडं कापड लागायचं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की दगडी कोळसा जळताना त्यातली माती वितळते आणि तिचे काचेचे पोकळ मणी होतात, रव्याहून बारीक. बंद पडलेल्या वीजकेंद्रांच्या राखतळ्यांवर ते तरंगत पडलेले असतात. त्यातले पांढरे निवडून चकचकीत पत्र्यावर थापले की झालं. चकाकी ऊन परतवते, मणी उष्णता सोडतात.

"अन् वरचं झाकण?"

"गरम वारा लागू नये म्हणून. पण झाकणातून किरण पार गेले पाहिजे. बाटलीचं प्लास्टिक अडवते. पॉलिथिन जाऊ देते."

"पॉलिथिन म्हंजे दुधाची पिशवी."

"हाव." मग एकदम, "आई, तू काय करून राहिली?"

"भाजी करपून राहिली," वनमालाने सांगितलं आणि फोन ठेवला. चूल पेटलेलीसुद्धा नव्हती.

मग खरं काम सुरू झालं. अकराजणींनी आठवडाभर दुधाच्या पिशव्या वेगळ्या काढल्या. शंका आली की तुकडा वनमालाच्या कानाशी जाई आणि ती मान हलवी किंवा फेकून देई. पिशव्या उकलून, धुऊन, दोन वर्तमानपत्रांमध्ये धरून कोळशाच्या इस्त्रीने कडेला कड चिकटवल्या. इस्त्री जास्त तापली की भोक पडे, कमी तापली की सांधा सुटे. हात बसेपर्यंत दोनशे पिशव्या वाया गेल्या. वेफर्सचे पुडे उलटे करून, चकाकी वर ठेवून जुन्या दारांच्या चौकटींवर ताणून डकवले. राखतळ्यावरून बादल्या भरून मणी आणले, चाळले, डिंकात कालवून थापले. सांगाडा बांबूंचा आणि मोडक्या खाटांचा. छपराला चारी बाजूंनी वीतभर उंच कडा, म्हणजे आत ताणलेलं पिशव्यांचं झाकण वाऱ्याने उडू नये. भिंतींना निवडणुकीतले फ्लेक्स लावले. उमेदवारांची तोंडं आत करायची की बाहेर यावर अर्धा दिवस गेला. शेवटी पडलेल्या उमेदवारांना आत घ्यायचं ठरलं, बिचारे निदान थंडाव्यात तरी राहतील म्हणून.

पहिल्याच दुपारी वनमाला आत जाऊन उभी राहिली आणि तिने हाताची पालथी बाजू छताला लावली. बाहेर सत्तेचाळीस अंश होते. छत गार होतं. माठाला हात लावावा तसं गार. तिने हात बराच वेळ तिथेच ठेवला. तिला तुळशीरामची फार आठवण आली, आणि कुणी पाहत नव्हतं म्हणून ती थोडी रडली.

त्या दिवसापासून ती रोज उजाडताच शिडी लावून छप्पर ओल्या फडक्याने पुसायची. "वर धूळ बसू देऊ नका, पालापाचोळा पडू देऊ नका," असं तिने सगळ्यांना बजावलं. का, ते मात्र तिने नीट समजावलं नाही. आभाळाची खिडकी वगैरे बोलायचं म्हणजे लेकीचं बोलणं आपल्या तोंडात घेतल्यासारखं होईल, याची तिला लाज वाटली. एवढीच तिची चूक, पण ती पुढे महागात पडायची होती.

चौदा तारखेला निवाऱ्याची चाचणी घ्यायला उष्मा निरीक्षक यायचे होते. तेराला नाव कळलं: पंचशीला रामटेके.

"नात्यातलं माणूस चालते काय?" वनमालाने मुकादमाला विचारलं.

"चालते. आकडे यंत्रच घेते, बाई. निरीक्षकाच्या हाती काईच नाई. दुसरे निरीक्षक जूनपर्यंत मोकळे नाईत."

वनमालाला रात्रभर धड झोप लागली नाही. चौदाला पहाटे तिने छप्पर दोनदा पुसलं आणि घरी जाऊन आंघोळ केली. ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून ती परत आली तेव्हा अकरा वाजले होते. निवाऱ्याच्या दारावर आंब्याच्या पानांचं तोरण होतं, पुढे सडा टाकून रांगोळी घातलेली होती. दुर्पताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी मोठं काम केल्याचं समाधान होतं. वनमालाला भरून आलं. तिने वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी उंच कडेमुळे खालून काही दिसलं नसतं.

पंचशीला स्कूटरवरून आली. वाळली होती. आईला पाहून ती थबकली, आधी निवाऱ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"तुही भाजी करपली होती थे हेच काय?"

"हाव," वनमाला म्हणाली.

पंचशीलाच्या ओठांवर हसू येता येता राहिलं. तिने डब्यातून दोन काळे गोळे काढले, नारळाएवढे, आत तापमापक असलेले. एक निवाऱ्यात तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर टांगला आणि दुसरा बाहेर, पत्र्याच्या साध्या सावलीत. "नुसत्या सावलीपेक्षा हे किती बरं, थे पाहायचं असते," ती सगळ्यांना म्हणाली. आईकडे न बघता म्हणाली. "बारा ते तीन. यातला कोणताही सलग एक तास आतला गोळा बाहेरच्यापेक्षा सहा अंशांनी खाली राहिला पाहिजे. चाचणीपुरता हाच मान्य निवारा. मी याले हात लावू शकत नाई, अन् पट्टा लाल झाला की कोणी बाहेर जायचं नाई."

साडेबाराला बायकांचे पट्टे लाल झाले. सगळ्या आत, फ्लेक्सवरच्या पडलेल्या उमेदवारांना पाठ टेकून बसल्या. पंचशीलाच्या हातातल्या पडद्यावर दोन आकडे होते. फरक दोन अंशांचा. एक वाजता दीडचा. सव्वा वाजता अर्ध्याचा.

आतली हवा जड झाली होती. वनमालाने उठून छताला पालथा हात लावला आणि चटका बसल्यागत मागे घेतला.

"वर कोण गेलं होतं?" तिने विचारलं.

"मीच की!" दुर्पताबाई खुशीत म्हणाल्या. "हिरवी जाळी टाकली वरून. रोपवाटिकेतली, नवी कोरी. चारी कोपऱ्याले गच्च बांधली. अवं, लेक घरी येऊन राहिली इतक्या दिसानं. तिच्या डोक्यावर मांडव नको?"

सगळ्याजणींनी वनमालाकडे पाहिलं. दुर्पताबाईंचा चेहरा हळूहळू उतरला. "काय झालं? कचरा टाकू नका म्हणली तू. जाळी काई कचरा नोहे."

चूक कुणाची म्हणायची? उन्हातून येणाऱ्या माणसावर आणखी एक सावली धरायची, हे त्या आयुष्यभर करत आल्या होत्या. पण या छपराला सावली नको होती. त्याला आभाळ दिसायला हवं होतं. तापलेली जाळी मध्ये आली होती, आभाळाकडे जाणारी उष्णता तिथे अडत होती, आणि जाळी आपली उष्णता वर खाली सगळीकडे फेकत होती. निळ्या ताडपत्रीने फेकली होती तशीच. वनमालाला ते एका क्षणात समजलं.

"पुढची तारीख दे," ती लेकीला म्हणाली.

"पुढची जूनची आहे, आई."

"अन् तळ उद्या बंद."

पंचशीलाने घड्याळ पाहिलं. "सलग तास मिळायचा तं दोनच्या आत फरक सहावर गेला पाहिजे."

दुर्पताबाई गुडघ्यावर हात देऊन उठू लागल्या. "मी टाकली, मीच काढतो."

"तुम्ही बसा," वनमालाने त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. "बीपीची गोळी घेता तुम्ही." तिने कोपऱ्यातला कचरा ओढायचा आकडा उचलला आणि पदर डोक्यावरून घट्ट खोचला.

"आई, पट्टा लाल आहे तुहा!" पंचशीला दारात आडवी झाली. "कार्ड बंद होईल. अन् कार्डाचं जाऊ दे, बाहेर एकोणपन्नास आहे. मी तुले जाऊ देणार नाई."

"पट्टा काढून ठेवू?"

"काढला तं चाचणी रद्द होते."

"मंग घालूनच जातो," वनमाला म्हणाली. "अकराजणी आहेत, पंचे. माह्या एकटीचं कार्ड." तिने लेकीचा हात दारावरून हळूच काढला. जबरदस्ती केली नाही, नुसता काढला, आणि बाहेर पडली.

बाहेर ऊन अंगावर आलं. पट्टा केकाटू लागला. शिडीचा बांबू हाताला पोळत होता, तिने पदराचं टोक हाताला गुंडाळून तो धरला. वर पोचली तर दुर्पताबाईंच्या गाठी! बाजाराच्या गाठोड्याला मारतात तशा, एकावर एक तीन. आकड्याने पहिली तुटली; शिडी सरकवली, दुसरी तुटली. तिसऱ्या कोपऱ्याशी तिच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. खालून पंचशीला ओरडत होती, मिनिटं मोजत होती, "आई, चार! आई, पाच झाले, ये आता!" आणि मोजणारा तो आवाज लहानपणी लपाछपीत मोजायचा तसा वनमालाला वाटला. चौथी गाठ तिने दातओठ खाऊन ओढली. जाळी सुटली, वाऱ्याने फडफडली आणि पलीकडे पडली. खाली पिशव्यांचं झाकण शाबूत होतं.

शिडीवरून ती कशी उतरली ते तिला आठवत नाही. शेवटच्या दोन पायऱ्या ती उतरली नाहीच, पडली. पंचशीलाने आणि आणखी दोघींनी तिला ओढत आत आणलं आणि जमिनीवर आडवं केलं.

पंचशीलाने दवाखान्याला फोन लावला. गाडीला पंचवीस मिनिटं लागतील असं उत्तर आलं. तिने फोन खाली ठेवला आणि आईकडे पाहिलं. आईचं अंग तापलेलं होतं, ओठ कोरडे पडले होते, आणि ती काहीतरी पुटपुटत होती, "डबा आणला... भाजी आहे." दुर्पताबाई माठातलं पाणी ओंजळीने तिच्या गळ्यावर, काखेत, पायांवर ओतत होत्या आणि रडत होत्या. पंचशीला फायलीच्या पुठ्ठ्याने वारा घालत होती. तिला कळत होतं की आपण अगदी तेच करतो आहोत जे आईने केलं होतं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, तेव्हाही नव्हतं.

पण डोक्यावरचं छप्पर वेगळं होतं. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एका बाईने वर हात लावला आणि म्हणाली, "पोळत नाई आता." थोड्या वेळाने दुसरी म्हणाली, "गार होऊन राहिलं वं." पडद्यावरचा फरक एकवर आला, अडीचवर, चारवर. पंचशीलाचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. ती आईच्या मनगटाकडे पाहत होती. पट्टा लाल होता. तिने आईचं डोकं मांडीवर घेतलं. पुठ्ठा हलत राहिला. एक पंचावन्नला फरक सहावर गेला आणि तिथून वरच राहिला. दोनला थोडा वेळ असताना मनगटावरचा लाल रंग विझला आणि पिवळा लागला.

वनमालाने डोळे उघडले. वर वेफर्सच्या पुड्यांची रंगीत बाजू होती, आणि त्याखाली लेकीचा चेहरा, सगळा ओला.

"किती झाले?" तिने विचारलं.

"सहा. सहाच्या वर." पंचशीलाने नाक पुसलं. मग ती एकदम बोलायला लागली, थांबली तर परत बोलता येणार नाही अशा घाईने. "तवा हे छप्पर नव्हतं, आई. तुह्यापाशी जे होतं त्यात तू बाबाले ठेवलं. मी तसं बोलायले नको होतं. तीन वर्षं मले झोप नाई. मी बोलली अन् मले परत घेता नाई आलं."

"मीबी रोज थेच म्हणत होतो स्वतःले," वनमाला म्हणाली. "तू म्हणायच्या आधीपासून."

ती रडली. लेकही रडली. दुर्पताबाई तर मघापासून रडतच होत्या, त्यांनी फक्त आवाज वाढवला. गाडी आली, परिचारिकेने तपासलं, मीठसाखरेचं पाणी पाजलं आणि आश्चर्याने वर छपराकडे पाहत विचारलं, "हे कुठून आणलं?" कुणीतरी कचऱ्याच्या डोंगराकडे बोट केलं.

दोन पंचावन्नला यंत्राने एकदा टिंग केलं. मान्य.

पुढचा रकाना नियमभंगाचा होता. पंचशीलाचं बोट पडद्यावर थांबलं.

"लिही," वनमाला पडल्या पडल्या म्हणाली. "खरं लिही. आज खोटं लिहिलं तं उद्या छपरावर कोणी भरवसा ठेवणार नाई."

पंचशीलाने लिहिलं. नाव, वेळ, सात मिनिटं. कारण म्हणून तिने लिहिलं, छपरावरचा मांडव काढण्यासाठी. वनमाला रामटेकेचं कार्ड पाऊस पडेपर्यंत बंद झालं. तेव्हा तिच्या मनगटावरचा पट्टा हिरवा होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना वनमाला शिडी घेऊन तळावर आली. कार्ड बंद असलं तरी छप्पर पुसणं कामात धरत नाहीत, हे तिने मुकादमाला आधीच विचारून ठेवलं होतं. पंचशीला रात्री घरीच राहिली होती, तीन वर्षांत पहिल्यांदा. ती खाली उभी राहून दोन्ही हातांनी शिडी धरून होती. दुर्पताबाईंनी एका जुन्या फ्लेक्सच्या पाठीवर तिच्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं: वर काहीही टाकू नये. आणि खाली, त्यांच्याच हट्टाने: मांडवसुद्धा.

"आई, पुरे. उतर आता."

"एक कोपरा राहिला."

नऊ वाजता बायका कामाला लागल्या. वनमाला निवाऱ्यात बसून कापलेल्या पिशव्या कानाशी धरून पाहत होती, कारण पलीकडच्या वीटभट्टीवरच्या बायकांनी सकाळीच निरोप धाडला होता की आम्हालाही असं छप्पर पाहिजे. पंचशीला घटकाभर टेकते म्हणून शेजारी आडवी झाली आणि बोलता बोलता झोपली. अकराला बाहेरचे पट्टे पिवळे झाले. वनमालाने उठून पालथा हात छताला लावला, मग वाकून तोच हात लेकीच्या कपाळावर ठेवला. कपाळ गार होतं. मग ती पुन्हा पिशव्या घेऊन बसली, आणि लेक जागी होऊ नये म्हणून त्या अगदी हळू चोळू लागली.